गणेश चित्रशाळेची वेबसाईट स्वतः बांधायची आहे. वर्डप्रेस, विक्स, ब्लॉगर की ह्यूगो?

पाटावरची_माती (डिचोली)

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गणेश चित्रशाळेसाठी (मूर्ती घडवण्याच्या कारखान्यासाठी) वेबसाईट करायची आहे. बांधणारे घरचेच, काम बाहेर द्यायचं नाही. एचटीएमएल-सीएसएस वाचून कळतं, थोडंफार लिहिताही येतं. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) येत नाही.

साधारण ६० मूर्ती, प्रत्येकीचे तीन फोटो. सोबत उंची इंचांत, बैठक कशी, किंमत, आणि बुक झाली की शिल्लक. साईटवर पैसे घ्यायचे नाहीत. माणसं येतात, मूर्ती बघतात, पाट ठेवून जातात, तेव्हाच व्यवहार ठरतो. पण "अमुक मूर्ती आहे का अजून?" एवढंच विचारणारे फोन कमी व्हायला हवेत, साईटचा मुख्य उपयोग तोच. मुख्य मजकूर मराठीत, दोन-तीन पानं कोंकणी आणि इंग्रजीत. बघणारे बहुतेक मोबाईलवर, आणि लिंक फिरणार व्हॉट्सअ‍ॅपवर.

अट एकच: "बुक झाली" हा बदल चित्रशाळेतल्या कोणालाही मातीचे हात पुसून मोबाईलवरून दहा सेकंदांत करता आला पाहिजे. खर्च डोमेन धरून वर्षाला चार-पाच हजारांच्या आत. काय घ्यावं?

मांडवीकाठ

विक्स आधी बाजूला काढू. बनवायला सगळ्यात सोपं तेच, त्यात वाद नाही. पण फुकटच्या प्लॅनवर स्वतःचं डोमेन जोडता येत नाही आणि पानावर त्यांची जाहिरात राहते. त्याहून मोठी गोम अशी की तिथं बांधलेली साईट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. दर वाढले तर भरा, नाहीतर पहिल्यापासून बांधा. सॉफ्टवेअर निवडताना "यातून बाहेर कसं पडायचं" हे आधी विचारावं. गुगल बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट साईट मिळायची, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. अ‍ॅडोबी म्यूझ या साईट बांधायच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट मार्च २०२० मध्ये संपला. दोन्हीवर दुकानं मांडून बसलेले लोक होतेच.

तुमच्या गरजेला वर्डप्रेस बसतं. म्हणजे वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळणारं फुकट सॉफ्टवेअर, स्वतःच्या होस्टिंगवर टाकलेलं. वर्डप्रेस डॉट कॉम ही वेगळी, पैसे घेऊन चालणारी सेवा आहे; नाव एकच असल्यानं इथं पुष्कळ जण फसतात. वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानासाठीचं जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगिन) मात्र टाकू नका. पैसे घ्यायचे नसतील तर कार्ट, चेकआउट आणि त्यांचे सततचे अपडेट हा नुसता बोजा. प्रत्येक मूर्ती ही एक पोस्ट करा आणि दोन कॅटेगरी ठेवा: शिल्लक आणि बुक. वर्डप्रेसच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये पोस्ट उघडायची, कॅटेगरी बदलायची, अपडेट दाबायचं. दहा नाही, पण वीस सेकंदांत होतं. थीम वर्डप्रेसबरोबर येते तीच, ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह. एलिमेंटर वगैरे पान-बांधणी प्लगिन एवढ्याशा कामाला नकोच, मोबाईलवर पान जड होतं.

अडेल कुठं, तर फोटोंपाशी. पीएचपीत अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि हल्लीच्या फोनचा फोटो सहज चार-पाच एमबीचा. होस्टिंगवाल्यानं मर्यादा वाढवली नसेल तर फोटो चढतच नाही. चढला, तर वर्डप्रेस त्याच्या १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या प्रती करतं, वर २५६० ची एक आणि मूळ फाईल वेगळी. एका फोटोच्या आठ फायली. १८० फोटोंचे १४४० झाले. म्हणून आधीच रुंदी १२०० पिक्सेलवर आणून, वेबपी (फोटोचा हलका फॉरमॅट) करून चढवा. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, त्यात दर्जा ७५ ठेवलात तरी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी नीट दिसते. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट "मोस्ट कम्पॅटिबल" करून ठेवा. नाहीतर फोटो एचइआयसीमध्ये येतात आणि क्रोममध्ये दिसत नाहीत.

वाळपई_पाऊस

विक्सबद्दल सहमत. वर्डप्रेसबद्दल नाही. साठ ओळींच्या यादीसाठी डेटाबेस, पीएचपी, बॅकअप प्लगिन, सुरक्षेचं प्लगिन, कॅशे प्लगिन (तयार पान साठवून तेच दाखवणारं), म्हणजे माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला क्रेन आणल्यासारखं. आणि हे सगळं अपडेट कोण करणार? चवथ झाली की पुढचे सात-आठ महिने त्या साईटकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. जुनं प्लगिन पडून राहिलेली वर्डप्रेस साईट हीच घुसखोरांची आवडती जागा.

प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र झालीत, ती सोडवून बघा. फोटो हंगामात दोन-चार वेळा, गठ्ठ्यानं चढतात. ते काम कॉम्प्युटरवर बसून करायला हरकत नाही. रोज, दिवसातून दहादा बदलतं ते फक्त एकच खानं: शिल्लक की बुक. तेवढंच मोबाईलवर हवं. त्यासाठी गुगल शीटहून सोपं काही नाही, आणि ते चालवायला कोणाला शिकवावंही लागत नाही.

साईट ह्यूगोवर करा. ह्यूगो हा एकच प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर उतरवायचा. प्रत्येक मूर्तीला एक फोल्डर: आत माहितीची एक मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाईल आणि तीन फोटो. फोटो लहान करणं, वेबपी करणं, तोच करतो. टेम्प्लेटमध्ये एकदा रुंदी ८०० लिहून ठेवली की पुरे. "ह्यूगो सर्व्हर" ही आज्ञा दिली की घरच्या कॉम्प्युटरवर १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर साईट दिसते, बरोबर वाटली की मग चढवायची. तयार होतात ती साधी एचटीएमएल पानं, ती क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट राहतात. तिथं फुकट खात्याला महिन्याला ५०० बिल्ड (साईट नव्यानं तयार करणं) आणि साईटमागे २०,००० फायली चालतात, एक फाईल २५ एमबीपर्यंत. चित्रशाळेला याचा दहावा भागही लागणार नाही. खर्च उरतो तो डोमेनचा.

शीटमध्ये पाच खानी: क्रमांक, उंची, बैठक, किंमत, स्थिती. फाईल मेनूत शेअर, त्यात "पब्लिश टू वेब", तिथं संपूर्ण शीट न निवडता तेवढा एकच टॅब निवडा आणि प्रकार सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी). मिळालेला पत्ता पानातल्या पंचवीसेक ओळींच्या जावास्क्रिप्टला द्यायचा. ती सीएसव्ही वाचते, क्रमांक जुळवते आणि मूर्तीवर पट्टी लावते.

मांडवीकाठ

शीटची युक्ती चांगली आहे, पण ती मोडते कशी तेही सांगा ना.

मी पाहिलेले प्रकार: कोणीतरी मोबाईलवर किंमतीप्रमाणे शीट लावून घेतं आणि ओळी हलतात, स्क्रिप्ट ओळीच्या जागेवर विसंबून असेल तर भलत्याच मूर्तीवर "बुक" चढतं. कोणी "बुक" लिहितं, कोणी "बुक झाली", कोणी शेवटी एक स्पेस सोडतं, आणि स्क्रिप्टला तिन्ही वेगळं वाटतं. शिवाय पब्लिश केलेल्या शीटमधला बदल बाहेर दिसायला चार-पाच मिनिटं लागतात, आणि भर सुट्टीच्या दिवशी तेवढ्यात एकाच मूर्तीला दोन गिऱ्हाइकं येऊ शकतात.

वाळपई_पाऊस

बरोबर, तिन्ही होतात. क्रमांकावरूनच जुळवायचं, ओळीवरून कधीच नाही. स्थितीच्या खान्याला डेटा व्हॅलिडेशन लावून ड्रॉपडाउन करायचा, दोनच पर्याय. मोबाईलवर बोटानं निवडता येतं, टाइप करायचं कामच नाही. क्रमांकाच्या खान्यात आणखी एक खोच आहे, ती तुमच्या यादीत नाही. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेलं ४७ आणि इंग्रजी आकड्यांतलं सत्तेचाळीस स्क्रिप्टला एक वाटत नाहीत. शीट आणि फाइलींची नावं इंग्रजी आकड्यांत ठेवा, पानावर दाखवताना देवनागरीत बदलून दाखवा.

चार-पाच मिनिटांच्या उशिरावर इलाज नाही, पण तो तुमच्या वर्डप्रेसलाही आहेच. कॅटेगरी बदलली की कॅशे प्लगिन त्या मूर्तीचं पान नवं करतं, साठ मूर्तींची यादी असलेलं पहिलं पान मात्र बऱ्याचदा जुनंच दाखवत राहतं. तिथं पाच मिनिटं नाही, कधी पाच तासही जातात.

एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सत्तरी तालुक्यात, किंवा घाटाच्या पायथ्याशी, पावसात रेंज मधेच जाते. पान उघडलं पण शीट आली नाही, तर काय दिसेल? "शिल्लक" हे मूळ धरून चाललात तर बुक झालेल्या मूर्ती सगळ्या मोकळ्या दिसतील. मूळ शब्द "फोन करून विचारा" ठेवा, आणि शीट वाचता आली तरच तो बदलू द्या.

आणि गिऱ्हाइकाचं नाव, फोन, आगाऊ दिलेले पैसे त्या टॅबमध्ये चुकूनही नको. पब्लिश केलेला टॅब ज्याच्या हाती पत्ता लागेल तो वाचू शकतो, आणि पत्ता पानाच्या कोडमध्ये उघडाच असतो. ती वही वेगळ्या शीटमध्ये.

शिरोरेषा

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, मराठी अक्षर बिघडतं ते ठरावीक जागीच. मथळे "सुटसुटीत" दिसावेत म्हणून सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. तयार थीम घेतलीत तर आधी लेटर-स्पेसिंग शोधून शून्य करा. तयार थीमची लाइन-हाइट (ओळींमधलं अंतर) बहुतेक १.४ च्या आसपास असते, त्यात वरची वेलांटी नि खालचा उकार एकमेकांना टेकतात. १.६ ते १.७ ठेवा.

फॉन्ट मुक्त परवान्याचे भरपूर आहेत: मुक्ता, हिंद, बालू, नोटो सान्स देवनागरी. मुक्ताची सात वजनं मिळतात. त्यातली दोनच उतरवा, साधं आणि ठळक. ठळक उतरवलंच नाही तर ब्राउझर साध्या अक्षरालाच जाड करून दाखवतो आणि जोडाक्षरांच्या आतल्या जागा बुजतात. "श्री" आणि "ऋद्धी" लिहून बघा, लगेच कळेल. फॉन्टची फाईल स्वतःच्याच साईटवर ठेवा.

पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा कोड "एमआर" लिहा. फॉन्टात सोय असेल तर "ल" आणि "श" मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. तयार थीमच्या फाइलींत तिथं हमखास इंग्रजीचा कोड असतो. कोंकणी पानांना "केओके". "दुसऱ्या", "चितारणाऱ्या" यांतला अर्धा र नीट येतो का तेही बघा. मजकूर चित्रशाळेच्या जुन्या पत्रकांतून उचलणार असाल तर तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत असण्याची शक्यता दाट. तो तसाच चिकटवलात तर फोनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. आधी युनिकोडमध्ये बदला आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला, कारण कन्व्हर्टर रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकवतात.

आराखडा आधी काढायचा असेल तर फिग्मा या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ३६० पिक्सेल रुंदीची चौकट घ्या. कॉम्प्युटरच्या रुंदीचा आराखडा काढूच नका, तुमचा बघणारा तिथं नाही. फिग्मा नको असेल तर कागद आणि पेन्सिल. साठ मूर्तींच्या यादीला दोनच निर्णय घ्यायचे असतात: रांगेत मूर्ती दोन की एक, आणि "बुक" ची पट्टी कुठं. दोन ठेवा, आणि पट्टी फोटोच्या खाली. मुखावर पट्टी बरी दिसत नाही.

जुवारी_पूल

डोमेनवर कोणी बोललं नाही म्हणून. डॉट इन घ्या, आणि चित्रशाळेच्या मालकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर. भाच्यानं स्वतःच्या खात्यातून घेतलं आणि भाचा आखातात गेला, की रिन्यूअलची मेल कोणालाच मिळत नाही. पहिल्या वर्षाचा दर बघून घेऊ नका, दुसऱ्या वर्षीचा बघा. होस्टिंग घेतलंत तर त्यालाही हेच लागू.

चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. डोमेनची मुदत जुलै ते सप्टेंबरात संपेल अशा तारखेला घेऊ नका. जानेवारीत घ्या. संपलं तर कळायला आणि निस्तरायला वेळ मिळतो.

देवनागरीतलं डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळतं. दिसायला छान, पण पुष्कळ ठिकाणी चिकटवलं की "एक्सएन" नं सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची माळ होते. घ्यायचंच तर जोडीला घ्या आणि डॉट इनकडे वळवा.

त्या डोमेनवर आधीच ईमेल चालू असेल तर एक खबरदारी. क्लाउडफ्लेअरवर साईट नेताना नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथं ठेवतात तो सर्व्हर) बदलायला सांगतात. बदलण्याआधी जुन्या ठिकाणच्या सगळ्या नोंदी लिहून घ्या, खासकरून एमएक्स (मेल कुठं पोचवायची ती नोंद) आणि टीएक्सटी (मजकुराची नोंद). तिथलं स्कॅन बऱ्याचशा नोंदी आपोआप उचलतं, सगळ्या उचलतोच असं नाही. एमएक्स राहिली की साईट झकास चालते आणि मेल गपचूप येणं बंद होतं; दोन-तीन दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

ब्लॉगरचं नाव प्रश्नात आहे आणि सगळ्यांनी त्याच्यावरून उडी मारली. फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, मजकूर एक्सएमएलमध्ये बाहेर काढता येतो, आणि सुरक्षेची चिंता आपली नाही. लेबल बदलून शिल्लक-बुक जमतं. मांडणी मात्र हातात राहत नाही, टेम्प्लेटच्या एक्सएमएलमध्ये हात घातला की अर्धा दिवस गेलाच. ह्यूगो जमेना तर दुसरा पर्याय हाच, वर्डप्रेसच्याही आधी.

मांडवीकाठ

ब्लॉगरला वर्डप्रेसच्या आधी बसवणं मला पटत नाही, पण तो वाद इथं नको.

व्हॉट्सअ‍ॅपचा मुद्दा राहिला. लिंक पाठवली की खाली मूर्तीचा फोटो दिसायला हवा. त्यासाठी प्रत्येक पानाच्या माथ्यात ओपन ग्राफचं (लिंकच्या प्रिव्ह्यूसाठीच्या टॅगांचं) चित्र आणि मथळा लिहावा लागतो. चित्र १२०० बाय ६३०, ३०० केबीच्या आत, आणि पत्ता पूर्ण, एचटीटीपीएसपासून. हे टॅग जावास्क्रिप्टनं नंतर भरलेत तर व्हॉट्सअ‍ॅपला दिसत नाहीत, कारण ते स्क्रिप्ट चालवत नाही. मूर्ती उभी आणि ही चौकट आडवी, त्यामुळे मुकुट किंवा पाट कापला जातो. प्रिव्ह्यूसाठी मूर्ती मधे ठेवून दोन्ही बाजूंना साधा रंग भरलेलं वेगळं चित्र करा.

"विचारा" या बटणाला डब्ल्यूए डॉट एमईची लिंक: पुढं ९१ सह नंबर, अधिकचं चिन्ह किंवा सुरुवातीचं शून्य नाही. त्यात "मूर्ती क्र. ४७ शिल्लक आहे का?" हा मजकूर आधीच भरता येतो, पण तो एन्कोड करून (पत्त्यात चालतील अशा चिन्हांत बदलून). मजकुरात अँड-चिन्ह तसंच राहिलं तर पुढचं सगळं तुटतं.

पाटावरची_माती

ह्यूगो आणि शीट करून बघतो. पाटाच्या मागं खडूनं जो क्रमांक घालतात तोच शीटमध्ये आणि फोल्डरच्या नावात ठेवणार.

दोन शंका. पानांचे पत्ते मराठीत ठेवले तर चालतील का? आणि पुढल्या वर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, तेव्हा काय करायचं?

वाळपई_पाऊस

पत्ते रोमनमध्येच. देवनागरीचं एक अक्षर, एक मात्रा, प्रत्येकी पत्त्यात नऊ चिन्हं होऊन बसते; व्हॉट्सअ‍ॅपवर टक्क्यांच्या चिन्हांची दोन ओळींची शेपटी दिसते. वर्डप्रेसमध्ये तर पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे बावीस अक्षर-मात्रांनंतर नाव कापलं जातं.

क्रमांकाच्या आधी वर्ष घाला. पत्त्यात आधी २०२६, मग सत्तेचाळीस. नुसता सत्तेचाळीस ठेवलात तर कोणाच्या तरी ग्रूपमध्ये पडून असलेली गेल्या वर्षाची लिंक उघडेल, दिसेल यंदाची भलतीच मूर्ती, आणि तो माणूस "ही अठरा इंची होती ना?" म्हणून फोन करील. शीटमध्येही वर्षाला नवा टॅब करा. नव्या टॅबचा पब्लिशचा पत्ता वेगळा येतो, तो ह्यूगोच्या कॉन्फिग फायलीत एकाच जागी लिहून ठेवा, साठ पानांत नाही. जुनी पानं पुसू नका. विसर्जन झालं की त्या वर्षाच्या टेम्प्लेटमधली स्क्रिप्ट काढा आणि पट्टीवर "२०२६ ची मूर्ती, अशीच हवी असल्यास विचारा" असं कायमचं छापून टाका. त्याच घरातले लोक दर वर्षी तशीच मूर्ती मागतात, त्यांना दाखवायला ती पानं लागतातच.